तात्पुरत्या उपायाची किंमत

‘भादव्यातलं कुत्रं’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळा सरताना जुळलेली रस्त्यावरची कुत्री साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, विते. घरातल्या कुत्रीला ऋतूचे एवढे बंधन नसते. ती सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि घरात प्रश्न निघतो : ऑपरेशन नको, बायकांच्या गोळीसारखे तात्पुरते काही नाही का?

उत्तर शरीराच्या रचनेत दडले आहे. गर्भ राहिला नाही तर स्त्रीच्या शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन आठवड्यांत ओसरते. कुत्रीत मात्र गर्भ राहो वा न राहो, ते जवळजवळ दोन महिने चढेच असते. म्हणूनच काही कुत्र्यांना गाभण नसतानाही दूध येते. त्या एखादे खेळणे पिल्लासारखे जपतात. दर माजानंतर गर्भाशयाचे अस्तर याच संप्रेरकामुळे जाड होते. त्यात जंतू शिरले की पू साठतो. हा ‘पायोमेट्रा’ जिवावर बेततो.

माज थांबवणारी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, मेजेस्ट्रॉल ही औषधे याच संप्रेरकाची कृत्रिम रूपे. माज थांबतो, पण गर्भाशयावरचा भार वाढतो. पायोमेट्रा, स्तनातल्या गाठी आणि मधुमेह हे त्यांचे ज्ञात धोके आहेत.

या फरकाला एक इतिहासही आहे. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनाची चाचणी बीगल जातीच्या कुत्र्यांवर झाली, तेव्हा माद्यांच्या स्तनांत गाठी आढळल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७८ साली स्त्रियांसाठी ते नाकारण्यामागे हे एक कारण होते. पुढे स्त्रियांवरचे अभ्यास हाती आले आणि १९९२ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे २०१७पासून सरकारी कुटुंबनियोजनात ‘अंतरा’ नावाने दिले जाते, ते हेच औषध. प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांनी कुत्रीच्या स्तनग्रंथीतच वाढीचे संप्रेरक तयार होऊ लागते, हे नंतर उलगडले. म्हणजे बाईला चालणारे औषध कुत्रीला चालेलच, असे नाही.

दुसरा मार्ग डेस्लोरेलिनचा. तांदळाच्या दाण्याएवढी कांडी कातडीखाली बसवतात आणि मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप हळूहळू बंद पडतो. पण आधी तोच निरोप जोराने जातो, त्यामुळे वयात आलेली कुत्री उलट माजावर येऊ शकते. परिणाम किती महिने टिकेल, हेही प्रत्येकीत वेगळे.

औषधाविना उरतो तो जुनाच उपाय : सुमारे तीन आठवडे कुत्रीला नजरेआड होऊ न देणे. इथे फसगत ठरलेली. रक्त फिकट झाले की ‘संपले’ असे वाटते. पण पहिल्या आठ-दहा दिवसांनंतर, नेमकी तेव्हाच, ती नराला जवळ येऊ देते.

रस्त्यावरच्या कुत्रीला कोण कोंडणार आणि वेळेवर इंजेक्शन कोण देणार? म्हणूनच २००१चे आणि नंतर २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम शस्त्रक्रिया व रेबीजची लस यांवर उभे आहेत.

घरच्या कुत्रीची पिल्ले पुढे खरोखर हवी असतील, तर तीन आठवड्यांची राखण सर्वांत निर्धोक. नको असतील, तर दर सहा महिन्यांच्या इंजेक्शनापेक्षा एकदाचे ऑपरेशन बरे. ‘तात्पुरते’ हा शब्द आपल्या सोयीचा आहे. त्याचे परिणाम कुत्रीच्या शरीरात साठत जातात.