चहात साबुदाणा

एस. वाय. बी. ए.

वार्षिकासाठी काय लिहू असे विचारल्यावर संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली, "त्या बबल टीवर लिही. त्या दिवशी किती बडबडत होतीस!" खरे म्हणजे त्या दिवशी दुकानात मी अगदी गप्प होते. बडबडले ती रात्री वसतिगृहात.

पुण्यात आता बबल टीची दुकाने बरीच झाली आहेत. आमच्यापैकी एकीचा वाढदिवस होता म्हणून आम्ही पाचजणी गेलो. ज्याचे पैसे त्याने द्यायचे, असे ठरले होते. एक पेला दोनशे वीस रुपयांना. 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करते. त्या हिशेबाने ही माझी जवळजवळ चार तासांची कमाई. भिंतीवरच्या पाटीवर चहाचे पंचवीस-तीस प्रकार होते. ते वाचता वाचता आमच्यातली एकजण सहज म्हणाली, "टपरीवरचा चहा पिऊन कंटाळा आला बाई. ती कळकट पातेली बघितली की कसंतरीच होतं."

माझ्या वडिलांची आमच्या तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडबाहेर, चहाची टपरी आहे. हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हते. प्रवेशअर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असे लिहिले आहे. ते खोटे नाही. आणि आमचे पातेले कळकट नाही, बाबा ते रोज रात्री राखेने घासतात. पण हे मी तिथे बोलले नाही.

काउंटरवरच्या मुलाने विचारले, "साखर किती टक्के?" टपरीवर 'साखर कमी' आणि 'साखर जास्त' एवढे दोनच प्रकार मला माहीत. इथे शून्य, तीस, पन्नास, सत्तर आणि शंभर. मग बर्फ किती, दाणे कोणते, हे प्रश्न वेगळे. पेल्याचे तोंड यंत्राने प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवून बंद केलेले असते आणि तो पडदा बोटाएवढ्या जाड नळीने भोसकायचा असतो. माझ्या पहिल्या भोसकण्यात थोडा चहा शेजारणीच्या ओढणीवर उडाला. मग नळीतून घोट घेतला, त्याबरोबर एक गुळगुळीत काळा दाणा सरळ घशाकडे निघाला. कसाबसा दाढेखाली धरला. चावला. आणि मनात म्हटले, अरे, हा तर आमचा साबुदाणा!

माझा अंदाज बरोबर होता, हे मागाहून वाचल्यावर कळले. हे दाणे आणि आपला उपवासाचा साबुदाणा एकाच कंदापासून होतात. त्या कंदाला इंग्रजीत कसाव्हा किंवा टॅपिओका म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे झुडूप जगभर पसरले. खरा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका माडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढीत; 'साबु' किंवा 'सागो' हा शब्दही मूळ मलय भाषेतला. आपल्याकडे १९४० नंतरच्या दशकात तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून तो बनवण्याचा धंदा उभा राहिला आणि आज आपण खातो तो बहुतेक तिकडचा. कंद सोलून, किसून, पाण्यात कालवून त्याचे दूध काढतात. ते दूध निवळले की तळाशी सत्त्व बसते. ते ओलसर असतानाच हेलकावे देऊन त्याचे गोल दाणे करतात, तव्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. म्हणजे आषाढी एकादशीला ज्यावर आपण इतक्या श्रद्धेने विसंबतो तो पदार्थ दोन परदेश फिरून आलेला आहे. चहा उपवासाला चालतो, साबुदाणाही चालतो. तेव्हा बबल टी चालावा की नाही, यावर आमच्या खोलीत एका संकष्टीला बरीच चर्चा झाली. निकाल लागला नाही.

आता हा साबुदाणा चहात कोणी टाकला? गोष्ट तैवानची आहे. तिथे 'फन-युआन' नावाचे टॅपिओकाचे गोळे फार पूर्वीपासून बाजारात किसलेल्या बर्फावर घालून खातात. तायचुंग शहरात 'चुन श्वेइ थांग' नावाचे चहागृह आहे. त्याचे संस्थापक ल्यू हान-च्ये यांनी जपानमध्ये थंड कॉफी पाहिली आणि १९८० नंतरच्या सुमारास आपल्याकडे चहा थंड करून, घुसळून द्यायला सुरुवात केली. चीनच्या परंपरेत चहा गरमच प्यायचा, त्यामुळे हीच मोठी क्रांती होती. पुढे १९८८ साली त्यांच्याकडच्या लिन श्यू-ह्वेइ या बाईंनी कर्मचाऱ्यांच्या एका बैठकीत कंटाळा घालवायला म्हणून आपल्या पुढ्यातले फन-युआन बर्फाच्या चहात ओतले, आणि ते सर्वांना आवडले. तो चहा आसामचा होता, हे वाचून मला फार बरे वाटले.

पण तायनान शहरातल्या 'हानलिन' चहागृहाचे तू त्सुंग-ह म्हणतात की हे आम्ही १९८६ सालीच केले. बाजारात पांढरे फन-युआन पाहून आम्हांला सुचले. दोघांचे भांडण न्यायालयात गेले आणि दहा वर्षे चालले. २०१९ साली निकाल लागला तो असा की, हे पेय कोणीही बनवू शकतो, त्यावर कोणाचा मालकी हक्क नाही, तेव्हा पहिले कोण हे ठरवण्याचे कारणच नाही. आमच्या स्टँडसमोर वडापावाच्या दोन गाड्या आहेत आणि दोघांच्याही पाटीवर 'मूळ' हा शब्द आहे. त्यांना हा निकाल वाचून दाखवायचा माझा विचार आहे.

आणखी एक गंमत. 'बबल' म्हणजे ते काळे दाणे, असे बहुतेकांना वाटते, मलाही वाटले होते. मूळ नाव चहा घुसळल्यावर वर येणाऱ्या फेसावरून पडले आहे. दाण्यांना तिकडे 'मोती' म्हणतात. फेस तर आमच्या बाबांच्या चहालाही येतो; ते हात उंच करून ओततात.

पुन्हा दोनदा मी त्या दुकानात गेले, एकटी, गर्दी नसलेल्या वेळी. एकदा बिनदुधाचा ऊलाँग घेतला. हा अर्धवट आंबवलेला चहा, रंगाने सोनेरी आणि वासाला फुलासारखा. चहापुडीला मी लहानपणापासून ओळखते, पण आमची पूड काळी, दाणेदार, उकळून रंग काढण्यासाठीच जन्मलेली. ऊलाँगची अख्खी पाने गरम पाण्यात हळूहळू उलगडतात. तो चहा मला खरोखर आवडला. दुसऱ्यांदा काळ्या साखरेचे दूध आणि दाणे घेतले. त्यात चहा नव्हताच! पेल्याच्या भिंतीवरून पाकाचे ओघळ छान दिसतात, पण मला ते बासुंदी पातळ झाल्यासारखे वाटले. एक सावधगिरी मात्र सांगते. लहान भावंडांना जाड नळीने हे पेय देऊ नये, दाणा श्वासनळीत अडकण्याची भीती असते.

दाणे असे रबरासारखे का लागतात, हे मला कोडे होते. तैवानी लोक या चिवट लवचिकपणाला 'क्यूक्यू' म्हणतात आणि भातापासून शेवयांपर्यंत सगळीकडे तो शोधतात. त्याचे कारण पिठातल्या स्टार्चमध्ये आहे. स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि त्यांचे धागे पाणी धरून एकमेकांत गुंततात. म्हणून दाणा पारदर्शक आणि लवचिक होतो. थंड झाल्यावर तेच धागे पुन्हा जवळ येऊन घट्ट बसू लागतात आणि दाणा कडक होतो. दुकानातले दाणे यामुळेच साधारण चार तासांत संपवावे लागतात. सकाळची साबुदाण्याची खिचडी दुपारी वातड का होते, याचे उत्तर मला असे बबल टीच्या दुकानात मिळाले.

त्या पहिल्या रात्री वसतिगृहात हेच सगळे मी सांगत सुटले. दाणे, कंद, खिचडी, आणि बोलण्याच्या भरात, "आमच्या टपरीवर बाबा काय करतात..." असे तोंडातून गेले. खोलीत क्षणभर शांतता झाली. पातेल्याबद्दल बोललेली मुलगीही तिथेच होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "तुझे बाबा आलं कधी घालतात गं? साखरेच्या आधी की नंतर?"

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा या विषयाची दुसरी बाजू समोर आली. आमच्या वाडीतला एक दादा जहाजावर नोकरीला आहे. तो हाँगकाँगहून वाळलेल्या फुलांची पुडी घेऊन आला होता. त्याने सांगितलेली हकिगत अशी. प्रवासात तळलेले खाऊन त्याचे तोंड आले होते. बंदरावरच्या एकाने त्याला 'लुंग छा'च्या दुकानात नेले. 'लुंग छा' म्हणजे थंड चहा. पण तो थंड असतो गुणाने, प्यायचा बहुधा गरमच. दुकानात पितळेची मोठी चकचकीत भांडी, पुढे झाकलेले वाडगे. उभ्याउभ्या प्यायचे आणि चालू लागायचे. त्याला दिलेला काढा चोवीस वनस्पतींच्या नावाने विकला जातो. "किरायत्याची आठवण झाली," दादा म्हणाला. ज्याने लहानपणी तापात किराईत प्यायले आहे त्याला अधिक सांगायला नको.

दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात हवा आपल्या कोकणासारखी उष्ण आणि दमट. तळलेले, भाजलेले खाल्ले, जागरण झाले की अंगात 'उष्णता' साठते, मग घसा दुखतो, तोंड येते, पुटकुळ्या उठतात. त्यावर थंड गुणाच्या वनस्पतींचा काढा प्यावा, अशी तिकडची समजूत. माझी आजी उन्हाळ्यात फणस जास्त खाऊ देत नाही, आणि खाल्लाच तर सब्जाचे बी भिजत घालते, ती याहून काय वेगळे सांगते? उष्ण-थंडाचा हा हिशेब शास्त्राच्या कसोटीवर किती उतरतो, हा प्रश्न वेगळा. पण दोन किनाऱ्यांवरच्या आज्यांचे इतके एकमत मला विलक्षण वाटले. वाँग लो कात या नावाचा तिथला प्रसिद्ध काढा १८२८ सालापासूनचा सांगतात. २००६ साली चीनने लुंग छाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातले. हाँगकाँगमध्ये १९५०-६०च्या सुमारास घरोघर रेडिओ नव्हते, तेव्हा लोक या दुकानांत रेडिओ ऐकायला आणि पुढे दूरदर्शन पाहायला जमत. आमच्या टपरीवर क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी असेच होते. एक कटिंग घेऊन माणूस तीन तास बसतो.

दादाने आणलेली पुडी 'पाच फुलांच्या चहा'ची होती. आम्ही ती परातीत ओतली. शेवंतीसारखी फुले ओळखू आली. मग आजीने एक मोठे, जाड, तपकिरी फूल उचलले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "ही तर सावर!" खरोखरच ती काटेसावरीची फुले होती; क्वांगचौ शहराचे ते मानचिन्ह आहे. दुसरे निघाले वाळलेला खुरचाफा. देवळाच्या आवारात ज्याचा सडा पडतो तो! (माझ्या भरवशावर कोणी देवळातला चाफा उकळू नये. त्याचा चीक बाधतो. तिकडे फुले नीट वाळवून वापरतात.) दादाने सांगितल्याप्रमाणे उकळून, खडीसाखर घालून आम्ही प्यायलो. चव मंद, गोडसर, ओल्या गवतासारखी. त्यात चहाचे एक पानही नाही, तरी नाव चहाच. आपल्या गवती चहात तरी चहा कुठे असतो?

त्याच सुट्टीत मी टपरीवर प्रयोग केला. पहिल्या दिवशी साबुदाणा तसाच उकळून चहात टाकला. त्याची खळ झाली. दुसऱ्या दिवशी साबुदाणा दळून त्याचे पीठ गुळाच्या पाण्याने मळले. गोळा फुटत राहिला. मग लक्षात आले की, पाणी अगदी उकळते हवे, म्हणजे थोडे पीठ शिजून बाकीच्याला धरून ठेवते. तिसऱ्या दिवशी जमले. वाटाण्याएवढ्या गोळ्या वळल्या, अर्धा तास उकळल्या, अर्धा तास झाकून ठेवल्या, मग गुळाच्या पाकात टाकल्या. बाबा लांबून पाहत होते. पाकाचे भांडे मी दुधाच्या पातेल्याकडे नेले तेव्हा मात्र ओरडले, "बाय, गूळ उकळत्या दुधात नको! दूध फाटेल." एवढे वाचून हे कुठेच लिहिलेले सापडले नव्हते.

चहा थंड करून, बरणीत बर्फ घालून मी घुसळला. बाबांनी एक दाणा चावला, बराच वेळ चावला.

"किती वेळ टिकतात हे?"

"चार तास."

"मग रात्रीच्या मुंबई गाडीला चालायचे नाहीत." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि ती नळी केवढ्याला पडते?"

तेवढ्यात गुहागरची गाडी लागली. नेहमीचे कंडक्टरकाका आले. बाबांनी काही न सांगता माझा ग्लास त्यांच्या पुढे केला. काकांनी मोठा घोट घेतला, थांबले, आणि जिभेवरचा दाणा बोटावर काढून पाहिला.

"अहो, चहात साबुदाणा पडलाय तुमच्या!"

"पडला नाही, घातलाय," बाबा म्हणाले. "आमची बाय कॉलेजात आहे, तिने केलाय."

काकांनी माझ्याकडे पाहून ग्लास संपवला. दाणे तळाशी ठेवले आणि एक साधा मागितला. साध्याचे पैसे बाबांनी घेतले.