कराड कोणाचे? करहाकडच्या निगमाचे!

कराड म्हटले की लोकांना कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवतो, यशवंतराव चव्हाणांची समाधी आठवते, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. पोटजातींचा अभिमान बाळगणाऱ्यांना कऱ्हाडे ब्राह्मण आठवतात. पण या नगराचे नाव सर्वप्रथम दगडावर कोरले गेले ते कोणत्या राजाच्या किंवा पुरोहिताच्या प्रशस्तीत नव्हे, तर तथागतांच्या स्तूपाच्या कठड्यावर, हे किती जणांना ठाऊक आहे?

मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भरहुतचा स्तूप आहे. कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष १८७३ साली सापडले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील त्या कठड्यावर एक छोटासा लेख आहे : करहकट निगमाचे दान. हे करहकट म्हणजे आपले कराड, असे बहुतेक अभ्यासक मानतात. निगम म्हणजे व्यापारी-कारागिरांची नगरसंस्था. सुमारे हजार किलोमीटरवरच्या स्तूपाला आपल्या नगराच्या नावाने दान पाठवणारी संस्था इथे होती, याचा अर्थ नीट समजून घ्या. इथे पैसा होता, संघटना होती आणि धम्म होता.

दुसरा पुरावा रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यात. करहाकडचा लोखंडाचा व्यापारी महिक याने तिथे एक लेणे दान दिले. सह्याद्री उतरून कोकणच्या खाड्यांपर्यंत जाणारा हा माणूस. त्याच लेणीसमूहात फुलमाळी दात्याचाही लेख आहे. मनुस्मृतीच्या उतरंडीत ज्याला खालची पायरी, त्याचे नाव धम्माच्या दगडावर!

खुद्द कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, साठहून अधिक लेणी आहेत. त्यातले एक लेणे गोपालपुत्र संघमित्राने दिले, असा लेख आहे. लेणी साधी आहेत. अजिंठा-वेरूळला पुढे पाचव्या शतकापासून ज्या भव्य बुद्धमूर्ती घडल्या, तशा इथे नाहीत. म्हणजे तोवर इथला दाता आटला होता, असे आम्ही समजतो. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मोडली, रोमशी चालणारा समुद्री व्यापार ओसरला. ज्याच्या गाठीला पैसा होता तो निगमच खिळखिळा झाला.

नगर मात्र मेले नाही. मालक बदलले. वकिली पेशामुळे आम्हाला दस्त वाचायची सवय आहे, म्हणून दोन दस्त शेजारी ठेवून पाहतो. पहिला महिकाचा. देणारा स्वतःची कमाई देतो, घेणारा भिक्खुसंघ. दुसरा इ. स. ९५९ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा कराड ताम्रपट. त्यात राजा करहाट प्रांतातले एक अख्खे गाव गगनशिव या शैव आचार्याला देऊन टाकतो. त्या गावात घाम गाळणाऱ्यांना कोणी विचारले होते काय? पहिल्यात दाता श्रमिक-व्यापारी, दुसऱ्यात श्रमिकच दानाची वस्तू! बाबासाहेबांनी ज्याला प्रतिक्रांती म्हटले ती कराडात आम्हाला तलवारीपेक्षा अशा ताम्रपटांत दिसते. विहाराची रसद तुटली की भिक्खू जातो, भिक्खू गेला की लेणे ओस पडते, आणि ओस लेण्याला नवे नाव द्यायला कोणीही मोकळा.

मेक्सिकोतील तेओतिवाकानचे असेच झाले. एक लाखाहून जास्त वस्तीचे ते पिरॅमिडांचे नगर, सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथल्या मुख्य इमारती जळाल्या. कित्येक शतकांनी आलेल्या अॅझ्टेकांनी त्या अवशेषांना देवांच्या संदर्भातले आपले नाव दिले, मूळ नाव आज कोणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे उलटे घडले. नगराचे नाव टिकले, पण डोंगर वरच्या शिवमंदिरामुळे ‘आगाशिव’ झाला. वाईजवळ लोहारे येथील बौद्ध लेण्यात आज पालपेश्वर महादेवाची पूजा चालते.

कुणाच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याचे कलम १६ सांगते की संरक्षित पूजास्थानाचा वापर त्याच्या मूळ स्वरूपाशी विसंगत कामासाठी होता कामा नये. १९९१ च्या उपासनास्थळ कायद्यातूनही १९५८ च्या कायद्याखालची प्राचीन स्मारके वगळलेली आहेत. तेव्हा ‘आता काय करणार’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. आपल्या तालुक्यातले कोणते लेणे संरक्षित यादीत आहे, त्याची अधिसूचना कधीची, हद्द किती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या प्रत्येक शाखेने असा एक अर्ज टाकावा. आणि आगाशिवच्या पायथ्याशी मराठीत ठळक फलक लागावा, ज्यावर भरहुतचे दान, संघमित्राचे लेणे आणि लोखंडाचा व्यापारी महिक, ही तिन्ही नावे असतील.