मध्यम वर्गाचें घर व सार्वजनिक पैसा

अन्न, वस्त्र व निवारा या मनुष्याच्या तीन मुख्य गरजा होत, हें आपण सर्वांनीं प्राथमिक शाळेंतच पाठ केलेलें आहे. यांपैकीं पहिल्या दोहोंचा खर्च मनुष्य महिन्याच्या मिळकतींतून भागवूं शकतो. तिसरीची किंमत मात्र महिन्याच्या काय, कित्येक वर्षांच्या मिळकतींतूनही निघत नाहीं. म्हणून घराचा प्रश्न हा मूलतः कर्जाऊ भांडवलाचा प्रश्न आहे. हें भांडवल कोणीं पुरवावें, कोणत्या दरानें पुरवावें, आणि त्यांत सरकारचा किंवा स्थानिक संस्थेचा हात कितपत असावा, याचा थोडक्यांत विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमच्या मालवण किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटूं नये. ज्यांचें जांभ्या चिऱ्याचें कौलारू घर वाडींत उभें आहे, त्यांचींही मुलें शिकून मुंबईची वाट धरितात, आणि 'चाकरमानी' या नांवास पात्र होतांच त्यांच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा. शिक्षक, परिचारिका, कचेरींतील कारकून, पेढीवरील नोकर यांची प्राप्ति अशी असते कीं, गरिबांसाठीं असलेल्या योजनेंत त्यांचें नांव बसत नाहीं, व बाजारभावानें घर घेण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं नसतें. इकडे आड, तिकडे विहीर, अशी ही स्थिति होय.

ही स्थिति नवी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली आणि कोंदट वस्तीचा परिणाम सर्वांच्या दृष्टीस पडला. १८९८ सालीं 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' या संस्थेची स्थापना झाली. सरकारी व म्युनिसिपालिटीच्या जमिनी तिच्याकडे सोंपविण्यांत आल्या, आणि तिनें कर्ज उभारून रस्ते, गटारें व नव्या वस्त्या निर्माण केल्या. दादर-माटुंग्याकडील मोकळी जमीन आंखून तिनें भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिले. तेथील हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या मध्यम वर्गाच्या वस्त्या अशाच उदयास आल्या. येथें सार्वजनिक पैशानें जमीन तयार केली. घर मात्र लोकांनीं बांधिलें. याच सुमारास, १९१५ सालीं, गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन होऊन सहकाराचा दुसरा मार्गही मोकळा झाला.

तिसऱ्या प्रयोगाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हें खातें निघालें. कामकऱ्यांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधाव्या, असा संकल्प होता. खर्चासाठीं कर्ज काढिलें, आणि शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविला. परंतु बांधणी महाग पडली. भाड्यांतून खर्च निघेना, आणि भाडें उतरवूनही कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. शेवटीं सुमारें सोळा हजार खोल्यांवरच काम थांबलें. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी त्या याच. केवळ पैसा उभा केल्यानें घराचा प्रश्न सुटत नाहीं, हा धडा यावरून मिळाला.

मध्यम वर्गासाठीं व्यवस्थित योजना स्वातंत्र्यानंतर निघाली. १९४८ च्या कायद्यान्वयें मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झालें. १९५४ सालीं अल्प उत्पन्न गटासाठीं व १९५९ सालीं मध्यम उत्पन्न गटासाठीं केंद्र सरकारनें स्वतंत्र योजना आंखल्या. यांपैकीं दुसरीसाठीं आयुर्विमा महामंडळानें राज्यांस कर्ज दिलें. म्हणजे एकानें आपल्या विम्यासाठीं भरलेल्या हप्त्यांतून दुसऱ्याचें घर उभें राहिलें! वांद्र्याच्या पूर्वेकडील 'एम्. आय्. जी. कॉलनी' आपल्या नांवानेंच या धोरणाची आठवण देते. पुढें १९७० सालीं 'हुडको' ही कर्ज पुरविणारी संस्था निघाली, आणि १९७६ च्या कायद्यान्वयें १९७७ च्या डिसेंबरांत 'म्हाडा' अस्तित्वांत आली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा तिच्या कोकण मंडळाच्या कक्षेंत येतो.

आतां सार्वजनिक संस्थेनें हात घातला असतां घर स्वस्त कां होतें, तें पाहूं. घराच्या किंमतीचे चार भाग असतात : जमीन, बांधकाम, व्याज व नफा. चिरा, सिमेंट, लोखंड व गवंड्याची मजुरी यांचा दर सर्वांस जवळ जवळ सारखाच. परंतु सरकारी जमीन असेल तर पहिला भाग उतरतो; नफ्याची अपेक्षा मर्यादित असेल तर चौथा उतरतो; आणि सरकारची पत मोठी असल्यामुळें तिसराही उतरूं शकतो.

व्याजाचें महत्त्व उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका शिक्षकानें वीस लाख रुपये वीस वर्षांच्या मुदतीनें घेतले. व्याज शेंकडा ९ असल्यास मासिक हप्ता सुमारें १८,००० रुपये येतो. शेंकडा ७ असल्यास सुमारें १५,५००. महिन्याचा फरक अडीच हजारांचा दिसतो, परंतु वीस वर्षांत तो सुमारें सहा लाखांवर जातो. भिंत तीच, छप्पर तेंच. दोन टक्क्यांनीं सहा लाखांचें अंतर पडलें!

याच तत्त्वावर केंद्र सरकारनें २०१७ पासून २०२१ च्या मार्चपर्यंत प्रधानमंत्री आवास योजनेंत मध्यम वर्गास व्याजाची सूट दिली. वार्षिक ६ ते १२ लाख उत्पन्नाच्या कुटुंबास ९ लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ४, व १२ ते १८ लाख उत्पन्नाच्या कुटुंबास १२ लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ३, असें तिचें प्रमाण होतें.

परदेशांतही या प्रश्नाचा विचार चालू आहे. अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानाच्या माँटगोमेरी परगण्यानें २०२१ सालीं पांच कोटि डॉलरांचा फिरता निधि उभारिला. हा पैसा केवळ बांधकामाच्या काळांत वापरावयाचा. इमारत उभी राहून दीर्घ मुदतीचें कर्ज मिळालें कीं तो परत घेऊन पुढील इमारतीस लावावयाचा. आमच्या वाड्यांतील रहाटगाडग्याप्रमाणेंच हें आहे : गाडगें रिकामें होतें तें पुन्हा भरून येण्यासाठीं. दान एकदां दिलें कीं संपतें. फिरता निधि मात्र पुनःपुन्हा कामास येतो.

तथापि या मार्गांत धोकेही आहेत. पहिला जागेचा. कोकण मंडळाचीं विरार-बोळींज येथील हजारों घरें वर्षानुवर्षें विक्रीविना पडून राहिलीं, व पाण्याची टंचाई हें त्याचें एक मोठें कारण होतें. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हत. पाणी, वाट, शाळा व कामाचें ठिकाण हीं त्याचींच अंगें होत. दुसरा धोका निवडीचा. घरें थोडीं व अर्ज फार, म्हणून सोडत काढावी लागते. सोडत न्याय्य असते, परंतु ज्याची चिठ्ठी निघत नाहीं त्याची गरज तिनें भागत नाहीं. तिसरा धोका पुनर्विक्रीचा. स्वस्तांत मिळालेलें घर लागलीच चढ्या भावानें विकलें, तर सार्वजनिक पैशाचा लाभ एकाच्याच खिशांत जातो. म्हणून म्हाडाच्या घरावर पांच वर्षें विक्रीची बंदी असते.

आपल्या जिल्ह्यापुरतें पाहतां, २०२५ सालीं कोकण मंडळानें ५२८५ सदनिका व ७७ भूखंड सोडतीस ठेविले, आणि भूखंडांच्या ठिकाणांत कुळगांव-बदलापुराबरोबर आपलें ओरोसही होतें. सदनिकांचा मोठा भाग मुंबईच्या आसपासचा असला तरी जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं बदलून येणाऱ्या नोकरदारासही घर हवेंच असतें. सागरकिनाऱ्यावर पर्यटनामुळें जमिनीचा भाव चढत असतां, पगारदार मनुष्यास आंखलेला व कायदेशीर भूखंड मिळणें हें लहान साहाय्य नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळजण पुढें घरासाठीं अर्ज कराल, व कांहींजण असे अर्ज तपासण्याच्या जागेवरही बसाल. कोणत्याही गृहयोजनेची जाहिरात हातीं येतांच चार प्रश्न विचारण्याची संवय ठेवा : जमीन कोणाची? पैसा कोणाचा व किती व्याजाचा? घर कोणास व कोणत्या अटीवर मिळणार? आणि तेथें पाणी आहे काय? ज्या योजनेस या चारही प्रश्नांचीं सरळ उत्तरें देतां येतात, तिच्यांतील सार्वजनिक पैसा सार्थकीं लागला, असें खुशाल समजावें.