हवेतले चार्जिंग: पऱ्हाटीला की वाघाला?

गेल्या आठवड्यात ड्रोनच्या बॅटरीचे वजन पाहिले. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो: ही बॅटरी वर न्यायचीच कशाला? मोबाइल तारेशिवाय चार्ज होतो, तसा ड्रोन उडता उडता होणार नाही का? होतो. पण किती अंतरावरून आणि किती वीज, यात सगळी मेख आहे. ती उलगडायला यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर तालुका सोयीचा. एका अंगाला कापसाची वावरे, दुसऱ्या अंगाला टिपेश्वरचे जंगल. ड्रोनकडून दोघांची मागणी अगदी वेगळी.

आधी पऱ्हाटी. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप उतरला पाहिजे, हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली: महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत. दहा लिटर टाकीचा ड्रोन भरल्यावर पंचवीसेक किलोचा होतो. तो नुसता हवेत तोलून धरायला तीन-साडेतीन किलोवॉट खर्ची पडतात, म्हणजे विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीएवढी वीज. दहा-बारा मिनिटांत बॅटरी बसते. म्हणून धुऱ्यावर बॅटऱ्यांचे जादा संच आणि एक जनरेटर लागतो.

आता ही वीज तारेविना वर कशी पाठवायची? मोबाइलची तऱ्हा वेटोळ्यांची: एका वेटोळ्यातला बदलता प्रवाह शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह जागवतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१६मध्ये बॅटरी काढून टाकलेला छोटा ड्रोन असाच तरंगवून दाखवला, पण वेटोळ्यापासून काही सेंटिमीटरवर. अंतर वेटोळ्याच्या व्यासापेक्षा फार वाढले की हा संबंध झपाट्याने तुटतो.

लांब जायचे तर झोत हवा. अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या विल्यम ब्राउन यांनी १९६४मध्ये एक लहानसे हेलिकॉप्टर निव्वळ मायक्रोवेव्हच्या झोतावर सलग दहा तास हवेत ठेवले. उंची साठेक फूट, आणि ते भरकटू नये म्हणून उभ्या तारांच्या आधाराने. पोटाखालच्या अँटेनांची जाळी लहरी पकडून त्यांची वीज करत होती. लहरी त्याच, ज्यांवर आज घरोघरी मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो: २.४५ गिगाहर्ट्झच्या, सुमारे बारा सेंटिमीटर लांबीच्या. पण ही लांबीच आडवी येते. लहर जितकी लांब, तितका झोत पसरतो. तीन मीटर रुंदीच्या अँटेनातून निघालेला झोत शंभर मीटरवर सुमारे चार मीटर रुंद होतो, किलोमीटरवर चाळीस. मीटरभराच्या ड्रोनच्या वाट्याला त्यातले उरते किती?

लेझरची लहर यापेक्षा लाखपटीने आखूड, त्यामुळे झोत नेटका राहतो. २०२५मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ने न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर ८०० वॉटहून अधिक वीज तीस सेकंद पोचवली. मथळे जोरात झाले, आणि ते खोटे नव्हते. तरी आपल्या धुऱ्यावर बसून हिशेब करू. ८०० वॉट म्हणजे फवारणीच्या ड्रोनच्या गरजेचा जेमतेम चौथा हिस्सा. त्यातच निघालेल्या प्रकाशापैकी साधारण वीस टक्क्यांचीच वीज झाली, आणि तीही कमी अंतरावर. त्या दराने साडेतीन किलोवॉटसाठी सतरा-अठरा किलोवॉटचा लेझर हवा. स्वतः लेझरही घेतलेल्या विजेतली निम्मी तरी उष्णतेत घालवणार. एक ड्रोन उडवायला नऊ-दहा मोटारींची वीज! शेतीची लाइन आठ तास, तीही पाळीने मिळणाऱ्या भागात हे कुणापुढे बोलूही नये. शिवाय झोत डोळ्याला न दिसणारा पण डोळा जाळणारा, आणि खाली निंदणाऱ्या बाया.

खरे तर हा सगळा खटाटोप फवारणीला नकोच आहे. दहा लिटरची टाकीही बॅटरीच्या आगेमागेच रिकामी होते. औषध भरायला ड्रोन खाली येणारच. तेवढ्यात बॅटरी बदलून होते.

जंगलाचे तसे नाही. २०१८मध्ये पांढरकवडा वन विभागात टी-१ वाघिणीचा, म्हणजे अवनीचा, शोध चालला होता. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले होते. कॅमेरा ट्रॅप, हत्ती, कुत्री, पॅराग्लायडर यांच्या जोडीला उष्णता टिपणारे ड्रोनही आणले होते. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. अशा शोधात टाकी नसते, हवा असतो फक्त वेळ. आणि अर्ध्या तासात परतणाऱ्या ड्रोनकडे तोच नसतो. इथे विजेची भूकही माफक. टेहळणीच्या लहान ड्रोनला दोनेकशे वॉट पुरतात, ब्राउन यांच्या हेलिकॉप्टरलाही साधारण तेवढेच लागत.

मात्र लेझरला सरळ, मोकळी नजर लागते. ड्रोन टेकडीआड गेला की वीज बंद, धुके आले की अर्धी. म्हणून सतत झोतात राहण्याचा हट्ट सोडावा, असे मला वाटते. उंच मनोऱ्यावर लेझर, ड्रोन ठरावीक उंचीवर येऊन काही मिनिटे चार्ज होणार आणि पुन्हा सागवानावर निघून जाणार, ही रचना जमण्याजोगी आहे. झोत वरच्या दिशेने, झाडांच्या शेंड्यांवरून गेला, तर माणसांच्या आणि जनावरांच्या डोळ्यांचा धोकाही पुष्कळ घटतो. पाखरांचा उरतोच, मध्ये काही आले की क्षणात बंद होणारा लेझर त्यासाठीच लागतो.

पुढच्या भागात: ड्रोनला तारेनेच बांधून ठेवले तर?