पस्तीस आले कसे?

शिक्षण परिषद म्हटलं की वाशीम जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शिक्षकाला आधी चहा आठवतो, मग यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आणि वेळ उरलाच तर नमुना पाठ. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात ते खरं तर शिकवण्याबद्दल बोलायला. पण नमुना पाठही बहुतेकदा बसवलेल्या नाटकासारखा होतो. मुलांना उत्तरं आधीच पाठ असतात आणि शेवटी टाळ्या पडतात.

मालेगाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत वेगळाच प्रकार पाहिला. पाठ घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "माझ्याकडे कोणी पाहू नका." प्रत्येक शिक्षकाला दोन-दोन मुलं वाटून दिली. त्यांच्या मागे बसायचं, बोलायचं नाही, मदत करायची नाही. 'सहभाग चांगला' असले शेरे नकोत. मूल हाताने काय करतं तेवढंच टिपायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एका सरांचा हात मुलाचा विस्कटलेला गठ्ठा सावरायला दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला.

विषय तिसरीची हातच्याची वजाबाकी. तुराट्यांचे बोटभर तुकडे, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावलेले. फळ्यावर ५२ वजा २७. मुलांनी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. त्यातून सात सुट्या कशा काढायच्या, इथे वर्ग अडला. कोणी गठ्ठा सोडला, कोणी शेजारच्याकडे पाहिलं. तांड्यावरून येणारा एक मुलगा गप्प बसलाय असं फळ्याजवळून वाटलं असतं. त्याच्या मागे बसलेल्या सरांना गोरमाटी येत होती म्हणून कळलं, तो ओठांतल्या ओठांत अगदी बरोबर मोजत होता.

दोन मुलींच्या वहीत उत्तर आलं ३५. एरवी दोन्ही वह्यांवर फुली बसली असती आणि दोघींना पुन्हा तेच समजावून सांगितलं गेलं असतं. इथे पहिलीला विचारलं, "कसं केलं वं?" ती म्हणाली, "दोनातून सात जात नाही, मंग सातातून दोन काहाडले." मोठ्यातून लहान काढायचं, हा नियम तिने स्वतःच बनवला होता. काड्यांना तिने हातही लावला नव्हता. दुसरीने मात्र गठ्ठा सोडला होता, बारातून सात काढून पाच लिहिले होते, फक्त दशकाच्या घरातल्या पाचाचे चार करायचे राहिले. पाचातून दोन गेले, तीन उरले. तिचेही ३५.

म्हणजे उत्तर एक आणि चुका दोन. पहिलीला काड्यांपाशी बसवायला हवं. दुसरीला पुन्हा काड्यांकडे पाठवणं म्हणजे तिला आलेलंच परत शिकवणं. तिला हाताने केलेलं कागदावर उतरवायची सवय हवी.

नंतरच्या चर्चेत पाठ घेणाऱ्या मॅडम आधी बोलल्या आणि त्यांनी दोष मुलींना न देता गणिताला दिला. फळ्यावरचं गणितच चुकीचं निवडलं होतं. ५३ वजा २७ दिलं असतं, तर पहिलीचं उत्तर ३४ आलं असतं, दुसरीचं ३६. वही पाहूनच कळलं असतं कुणाचं कुठे अडलंय. मागच्या बाकावरून एक सर उठले, फळ्यावर दोनाचे तीन केले आणि सगळे पुन्हा हिशेब करू लागले. चहा तोवर निवला होता.

जपानमध्ये शिक्षकांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मुलं न्याहाळायची, ही रीत मेजी काळापासून चालत आली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हणतं. त्यातले किती तास व्हिडिओ पुढे ढकलत प्रमाणपत्र काढण्यात जातात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. वाशीम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्या क्रमवारीत शिक्षणाला ३० टक्के वजन आहे, त्यामुळे टक्केवारीची घाई समजण्यासारखी आहे. पण टक्केवारीच्या रकान्यात ती दोन्ही ३५ सारखीच चूक ठरतात. माझ्या मते केंद्राच्या परिषदेतला पहिला तास, सूचना आणि माहितीच्या आधी, अशा एका पाठाला राखून ठेवला पाहिजे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, पथकही लागत नाही.

तोवर शिक्षकांनी एवढं तरी करावं: हातच्याची वजाबाकी देताना एककाच्या दोन अंकांत पाचाचा फरक ठेवू नये. ४१ वजा १६, ६३ वजा ३८, ७४ वजा २९, सगळी त्याच जातीची. या गणितांत दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं.