भाषणालाही ध्रुपद हवं

तळेगाव दाभाड्याला लागून असलेलं वराळे हे इंद्रायणीच्या खोऱ्यातलं गाव. लोणावळ्याजवळ कुरवंड्यात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत देहूला जाते, तिथून आळंदीला. या पट्ट्यात कीर्तन कानावर न पडता कोणी लहानाचं मोठं होत नाही. सप्ताहात दोन तास मांडी घालून बसलेली आजी घरी आल्यावर सुनेला सांगते, ‘‘बुवांनी आधी हे सांगितलं, मग त्यावरून ती गोष्ट सांगितली.’’ पण सत्कार समारंभात पंधरा मिनिटांचं भाषण ऐकून उठलेल्या माणसाला विचारलं, तर पुष्कळदा ‘छान बोलले’ यापुढे त्याला काही आठवत नाही. हा फरक मांडणीमुळे पडतो.

रोमन वक्ता सिसरो याने वक्तृत्वाची पाच अंगं सांगितली. पहिलं अंग सांगण्याजोगं शोधणं, दुसरं त्याची मांडणी. भाषा, पाठांतर आणि सादरीकरण यांचा नंबर त्यानंतर लागतो. आपल्याकडच्या कीर्तनकारांनी हीच मांडणी पिढ्यान्‌पिढ्या घोटून पक्की केली. नारदीय कीर्तनात नमन झालं की पूर्वरंगात एखादं तत्त्व उलगडतात, मध्ये नामजप होतो आणि उत्तररंगात तेच तत्त्व सिद्ध करणारं आख्यान लावतात. आख्यान कितीही रंगलं, तरी ते पूर्वरंगाला सोडून जात नाही.

वारकरी कीर्तनाचा घाट वेगळा. तिथे एकच अभंग निरूपणाला घेतात. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे चार वर्षं शिकून तयार झालेले कीर्तनकार आज गावोगाव उभे राहतात. त्यांचं निरूपण नीट ऐकलं, की भाषणाच्या गाभ्याचा नकाशाच हाती येतो. अभंगाचा एकेक चरण हा एकेक मुद्दा. प्रत्येक चरणाला आधी अर्थ, मग ज्ञानेश्वरीतलं किंवा गाथेतलं प्रमाण, मग रोजच्या जगण्यातला दृष्टान्त. चरण संपला की टाळकरी चाल धरतात, मृदंग वाजतो, ऐकणारा जरा सैलावतो आणि सगळे ध्रुपदावर येतात. छापील गाथेत ज्या ओळीपुढे ‘ध्रु.’ लिहिलेलं असतं, ती ओळ दोन तासांत कितीदा तरी कानावर पडते. घरी जाताना तीच ओठावर असते.

आता वराळ्याच्या ग्रामसभेत एखाद्या तरुणाला नदीवर बोलायचं आहे असं धरू. त्याच्याकडे माहिती भरपूर आहे: वाढलेली वस्ती, नाले, आळंदीत पात्रावर येणारा फेस, कार्तिकी वारी, शेती. सुचेल तसं बोलत गेला, तर पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होईल. म्हणून आधी त्याने ध्रुपद ठरवावं: ‘आपल्या गावाचं सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय नदीत जाऊ नये.’ मग चार चरण. आज कोणतं पाणी कुठून नदीत जातं? ते का जातं? घराघरांतला शोषखड्डा आणि गावासाठी शुद्धीकरण यांतलं आपल्याला काय जमेल? आणि आजच्या सभेत कोणता ठराव व्हावा? प्रत्येक चरणाला एक आकडा किंवा कागद हे प्रमाण, आणि डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट हा दृष्टान्त. वारीची आठवण कितीही हृद्य असली, तरी या चारांत बसत नसेल तर ती पुढच्या भाषणासाठी ठेवावी.

इथे क्रम आहे तो अडचणीकडून उपायाकडे. गावाचा इतिहास सांगायचा असेल तर काळाचा क्रम धरावा. नदीची ओळख करून द्यायची असेल तर उगमापासून तुळापूरला भीमेशी होणाऱ्या संगमापर्यंत जागेचा क्रम सोपा पडतो. एका भाषणात एकच क्रम धरावा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कुठे पोहोचलो ते सतत कळत राहतं. वाचणारा मागचं पान उलटू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

कीर्तनातच, पण वेगळ्या रीतीने, संत गाडगेबाबांनी प्रश्नांचा क्रम वापरला. ते समोरच्या जमावाला साधा प्रश्न विचारत, उत्तर जमावाकडूनच घेत आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढत. अशा पायऱ्या चढत लोक कर्ज, दारू, पशुहत्या यांविरुद्धच्या निष्कर्षापर्यंत स्वतःच पोहोचत.

दोन मुद्द्यांमधला सांधा मात्र वक्त्यालाच घालावा लागतो. ‘‘पाणी कुठून जातं ते पाहिलं, आता का जातं ते पाहू,’’ एवढं एक वाक्य पुरतं. भाषणात टाळ-मृदंग नसतात. तिथे क्षणभर थांबावं आणि ध्रुपद पुन्हा म्हणावं. दहा मिनिटांना तीन-चार मुद्दे खूप झाले. सगळ्यांत वजनदार मुद्दा शेवटी ठेवावा, पण वेळ संपत आली तर तो गळणार नाही याची काळजी आधीच घ्यावी.

शाळेत, मंडळात, लग्नघरात कुठेही बोलायला उभे राहणार असाल, तर पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. वर एका ओळीत ध्रुपद लिहा, खाली चार चरण, प्रत्येकापुढे एक प्रमाण आणि एक दृष्टान्त. कागदावर न मावणारं सारं बाजूला ठेवा. आणि तयारी झाल्यावर घरातल्या आजीला एकदा ऐकवून बघा. तिने ते त्याच क्रमाने परत सांगितलं, तर तुमचं भाषण तयार आहे.