रॅम्पवर आला माडग्याळचा 'हीरो'!

मॉडेलचं नाक सरळ हवं, इथे मात्र बाकदारच हवं! सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं माडग्याळ गाव. इथली मेंढी म्हणजे उंच बांधा, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग आणि पोपटाच्या चोचीसारखं नाक. प्रदर्शनात पहिली नजर जाते ती त्या नाकावरच.

ग्रूमिंग म्हणाल, तर आपलं पार्लर लाजेल! लोकर कातरायची, आंघोळ घालायची, वाढलेली खुरं छाटायची. आणि हो, आधीपासून रोज दोरीला धरून चालवायचं, नाहीतर गर्दी बघून साहेब बिथरतात. आयत्या वेळी नुसतं नटवून भागत नाही, बॉस!

2020 मध्ये अशाच एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली. पण गंमत बाजूला ठेवा. नुसत्या नाकावर बोली लागली, की वजन आणि तब्येत मागे पडते. त्यात जवळच्या नात्यातच पैदास होत राहिली, तर कोकरं अशक्त निघतात.

तेव्हा प्रदर्शनाला गेलात, तर हीरोचा फोटो जरूर काढा. पण त्याची कोकरं कशी आहेत, हेही मेंढपाळमामांना विचारा. खरा निकाल तिथेच लागतो!